दोन चमचे पाणी आणि काकांची गाडी

गेल्या भागात मी म्हटलं होतं की इंजिन बंद का पडतं यावर एकदा बोलू. आज बोलतो, पण आधी एक कबुली. माझ्या काकांच्या गाडीचं इंजिन गेलं, त्यात माझाही हात आहे.

काका पालीला असतात. बल्लाळेश्वराला येणाऱ्या भाविकांची ने-आण करतात, घर त्यावरच चालतं. वाकणहून पालीत शिरताना अंबा नदीचा पूल लागतो. पावसाळ्यात नदी फुगली की त्यावरून पाणी जायचं. एका जुलैत काका पुलाआधीच्या सखल भागात अडकले, पुढून एस.टी. गेली, लाट आली आणि गाडी बंद. मला पुण्यात फोन. मी बीटेकवाला ना! म्हटलं, "काका, परत सेल्फ मारून बघा."

हे सांगायला नको होतं.

इंजिन हवा ओढतं, दाबतं, इंधन पेटवतं, धूर बाहेर टाकतं. यातलं दाबणं महत्त्वाचं. काकांचं डिझेल इंजिन १५०० सीसी, चार सिलिंडर, म्हणजे एकेकात ३७५ सीसी. साधारण १७ पट दाब धरला, तर पिस्टन वर पोचल्यावर उरते जेमतेम २३ मिली जागा. जेवणाचे दोन चमचेसुद्धा नाही! हवा त्यात दाबून मावते, पाणी दबत नाही. तेवढ्याहून जास्त पाणी शिरलं की पिस्टन मध्येच अडतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. आता समजा एकाच सिलिंडरात पाणी आहे आणि सेल्फवर बाकीचे तीन पेटले, तर तेच चौथ्याचा रॉड मोडायला हातभार लावतात.

काकांची गाडी तिसऱ्या सेल्फला चालू झाली. मी खूश. आतून टकटक येत होती, काका म्हणाले "ओली झालीय, सुकेल." आठवड्याने खोपोलीच्या रस्त्यावर वाकलेला रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. विमा कंपनीने 'पाण्यात गाडी सुरू करायचा प्रयत्न केला' म्हणून इंजिनचे पैसे नाकारले. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, ते आम्ही घेतलं नव्हतं.

करायला काय हवं होतं? परत सेल्फ मारायचा नाही. गाडी ढकलत कोरड्यात न्यायची, ढकलतानाही न्यूट्रलमध्येच. एअर फिल्टर उघडून बघायचा. तो ओला असेल तर मिस्त्रीला बोलवायचं. तो डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून (पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग) इंजिन हाताने फिरवतो, पाणी त्या भोकांतून उडतं. ऑइल दुधासारखं झालं असेल तर बदलायचं. रॉड आधीच वाकला असेल तर यानेही तो सरळ होत नाही.

आणि सायलेन्सरमध्ये पाणी जाईल म्हणून लोक घाबरतात, ते निम्मं चुकीचं. खरा धोका हवा ओढणाऱ्या तोंडाचा. काकांच्या नव्या गाडीत ते हेडलाइटच्या मागे आहे. त्यांनी त्याच्या वीतभर खाली, बंपरवर पांढऱ्या रंगाची रेघ मारलीय. मी फोन केला की आधी विचारतात, "रेघेखाली आहे, काय करू?" मी म्हणतो, "एस.टी. जाऊ द्या, मग बघू."