कोरकू गोष्टींचा कप्पा
(मदतगारांच्या वार्षिक मेळाव्यात शाळेच्या ग्रंथपालबाईंनी केलेले भाषण)



‘आमच्या ग्रंथालयात इंटरनेट’ असा विषय मला दिला आहे. तो ऐकून आमचे शिपाईमामा हसले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ग्रंथालयातला संगणक मी कापडाखाली झाकून ठेवत होते आणि वर वर्तमानपत्रांच्या फायली रचत होते. तुम्ही पाठवलेलं यंत्र बिघडलं तर काय तोंड दाखवू, ही एक भीती. दुसरी भीती अशी की मुलांना ते माझ्यापेक्षा जास्त येईल. ती लवकरच खरी ठरली.

आमची शाळा मेळघाटात आहे. आमची बहुतेक मुलं कोरकू. कोरकू भाषा मराठीची बहीण नव्हे, नात्यातलीही नव्हे. ती मुंडा कुळातली, तिकडे झारखंडातल्या मुंडारी आणि संथाळी भाषांच्या घरातली. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. आणि माझ्या ग्रंथालयात कोरकू पुस्तकं किती होती? एकही नाही. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात आम्ही डॉ. रंगनाथनांचे १९३१ सालचे पाच नियम पाठ केले होते. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा त्यातला दुसरा. परीक्षेत मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.

आता एक कबुली देते. वाचनाच्या तासाला सातवीतल्या एका मुलीने चित्रातल्या वाघावर बोट ठेवलं आणि ‘कुला’ म्हणाली. कोरकूत वाघाला कुला म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहे, मी व्यासपीठावरून सांगत नाही. कोरकू नसलेली मुलं खिदळली. मलाही हसू आलं, आणि ते लपवायला मी तिलाच दटावलं, ‘वाघ म्हण.’ त्यानंतर ती पुस्तक न्यायची, वेळेवर आणून द्यायची, रजिस्टरात सही करायची. माझ्याशी बोलायची मात्र नाही. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

त्याच वर्षी गणिताचे तरुण सर मला संगणक शिकवू लागले. त्यांनी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ दाखवलं. २०१५ पासून चालू असलेला हा गोष्टींचा साठा आहे. चित्रांसकट गोष्टी फुकट वाचा, उतरवून घ्या, छापा. आणि मूळ लेखकाचं व चित्रकाराचं नाव देऊन आपल्या भाषेत भाषांतरही करा. तशी उघड परवानगीच आहे. आयुष्यभर ‘पुस्तकावर लिहू नये’ अशी पाटी लावणाऱ्या बाईला हे पचायला आठवडा लागला.

आम्ही एक वाघाची गोष्ट निवडली. तिची बारा पानं सरांनी ‘गुगल स्लाइड्स’वर मांडली. गंमत अशी की एकाच वेळी तीन-चार मुलं त्यात लिहू शकतात. कोण कुठल्या ओळीवर आहे तेही दिसतं. नेटवर्क असलं तर. आमच्याकडे ते संध्याकाळी येतं आणि ढग आले की जातं.

एका संध्याकाळी मी एकटीच चुका सुधारत बसले होते. काय दाबलं देव जाणे, बारापैकी अकरा पानं गेली. मुलांचं दोन आठवड्यांचं काम! माझे हातपाय गार पडले. तेवढ्यात ती मुलगी पुस्तक परत करायला आली. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाई, रडू नका. फाइलवर दाबा. जुनं सगळं आत असतं.” खरोखरच तिथे प्रत्येक आधीची आवृत्ती तारीखवार जपलेली होती. तिने सरांना एकदा करताना पाहिलं होतं, तेवढंच. अकरा पानं परत आली. मी खुर्चीवरून उठले आणि तिला बसायला सांगितलं.

पहिल्या पानावर मुलांनी ‘वाघ’ हाच शब्द ठेवला होता, माझ्या धाकाने असेल. तिने तो खोडला आणि ‘कुला’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी ते पान वर्गात मोठ्याने वाचलं. दोघं हसले. या वेळी मी हसले नाही.

मग अडचणी सुरू झाल्या, आणि त्याच मला फार आवडल्या. गोष्टीत दोन ससे होते. मुलं म्हणाली, बाई, दोघांसाठी वेगळं बोलतात आणि पुष्कळांसाठी वेगळं. कोरकूत एकवचन, द्विवचन, अनेकवचन अशी तीन वचनं आहेत. संस्कृतच्या बाई तर हरखूनच गेल्या. ‘कोरकू’ हा शब्द तरी काय आहे? ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ लागला की माणसं. काही उच्चार देवनागरीत नीट बसत नाहीत. त्यासाठी आम्ही आवाज ध्वनिमुद्रित करून पुस्तिकेच्या मागे क्यूआर कोड चिकटवला. गावात नेटवर्क नाही, म्हणून तेच आवाज मेमरी कार्डावरही भरून देतो.

एक चूक मोठी होती. ‘पॅडलेट’ नावाची भिंत असते, तिच्यावर मुलं शब्द, चित्रं, आवाज टाचतात. मी ती सर्वांसाठी उघडी ठेवून बसले आणि कोण्या अनोळखी माणसाने तिच्यावर नको ते लिहिलं. आता ती कुलूपबंद आहे. मुलांची नावं, गावं, चेहरे तिच्यावर नसतात. तुमच्यापैकी काही जण प्रेमाने फोटो मागतात. राग मानू नका, मी पाठवणार नाही.

आणि बोलायचंच झालं तर आणखी एक: जुन्या इंग्रजी गाइडांची खोकी कृपा करून पाठवू नका. मेळघाटातल्या वाळवीलाही ती आवडत नाहीत.

आज आमच्या कपाटात नऊ कोरकू पुस्तिका आहेत. त्यांच्या कण्यावर मी ३९८.२ हा लोककथांचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिला आहे. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या सुट्टीत प्रत्येक मुलाने एकेक पुस्तिका घरी नेली. ती मुलगी परत आली ती तक्रार घेऊनच. तिच्या आजीला वाचता येत नाही, पण नातीकडून ऐकून तिने चौथ्या पानावरचा एक शब्द चुकीचा ठरवला. वाघ असा चालत नाही, त्याच्या दबकत चालण्याला वेगळा शब्द आहे, म्हणाली. तो शब्द आजीच्याच आवाजात आमच्याकडे आला आहे.

तेव्हा दुसरी आवृत्ती काढायची आहे. प्रिंटरची काळी शाई मात्र संपली आहे.