पेटी आपल्या गळ्याला लावून घेऊ या

आज आम्ही पेटीबद्दल बोलणार आहोत. पेटी म्हणजे पैशाची नव्हे, भजनातली, वाजवायची.

आपल्याकडे बायकांची भजनी मंडळं गावोगाव आहेत. टाळ आपल्या हातात, गळा आपला, अभंग आपल्याला पाठ. पण पेटीवर बसायची वेळ आली की निरोप जातो कुणा दादांना नाहीतर काकांना. ते मोकळे असले तर भजन, नसले तर नुसत्या टाळ्या. श्रावणात, नवरात्रात, कार्तिकात तर त्यांना स्वतःच्या मंडळातूनच सवड नसते. आमच्या गटाचं कितीतरी वेळा असं झालं. बायका कामं उरकून सातला येऊन बसायच्या, पेटी यायची साडेआठला. तोवर घरून बोलावणी सुरू.

वाट बघणं एक वेळ सोसलं असतं. खरी अडचण सुराची होती. पुरुष बहुधा काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, आणि पेटीवालाही सवयीने तोच सा धरतो. बायकांचा गळा साधारण पांढरी पाच, काळी चार, काळी पाच यांच्या आसपास रमतो. मग पुरुषांच्या पट्टीत आपण गायला लागलो की अंतऱ्याला गळा फाटतो, आणि खालून गायलं तर पुटपुटल्यासारखं होतं. वर ऐकणारे म्हणतात, बायकांच्या भजनात दम नाही! दम आहे हो, पट्टी आपली नाही. पेटी ज्याच्या हातात, पट्टी त्याची. म्हणून आम्ही पेटी शिकायचं ठरवलं.

बैठकीत विषय काढला तेव्हा एकीने विचारलं, "पेटी काय दूध देणार आहे का?" प्रश्न रास्त होता. आम्ही गटाच्या बचतीला हात लावला नाही. हळदीकुंकवाचा खर्च एक वर्ष साधा केला, वर्गणी काढली आणि जुनी पेटी घेतली. जुनी पेटी घेताना तीन गोष्टी बघा. भाता भरून हात थांबवा आणि एकही पट्टी दाबू नका. भाता लगेच बसला तर कुठेतरी हवा गळते. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबून सगळे सूर ऐका. आणि पट्टी सोडल्यावरही सूर वाजतच राहिला तर ती दुरुस्त करून द्यायला सांगा. बाहेरचं पॉलिश सगळ्यात शेवटी बघायचं.

आता बसायचं कसं? मांडी घाला, उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. हवेसाठीच्या एकदोन खुंट्या बाहेर ओढा, सगळ्या नकोत. नव्या बाईचा हात पहिल्या दिवशी भात्यावरच चुकतो. चूल पेटवायची घाई असल्यासारखा भाता हाणायचा नसतो. पाळणा हलवतो तसा, सावकाश, सारख्या वेगाने. पहिला आठवडा एकच पट्टी दाबून सूर न थरथरता, कमीजास्त न होता धरून ठेवायचा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. त्या सुरात तोंडाने 'आ' लावून बघा. गळा आणि पेटी एक झाली की दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत.

पट्ट्या ओळखायला सोप्या आहेत. काळ्या पट्ट्या दोनच्या आणि तीनच्या जोडीने असतात. दोनच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढऱ्या सातपर्यंत मोजायच्या, मग पुन्हा एक. काळ्या तशाच पाच.

शिकवणारे बहुतेक पांढरी एकपासून सुरू करतात, कारण तिथे सगळे शुद्ध सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. तालुक्याच्या गावचे एक निवृत्त गुरुजी आम्हाला शिकवायला यायचे, त्यांनीही तसंच सुरू केलं. पण गाऊन बघितलं तर पुन्हा तीच रड, पट्टी आपली नाही. मग त्यांनीच वाट काढली. सा पांढरी पाचवर धरा, म्हणजे काळी तीन आणि काळी चार यांच्या मधली पांढरी. रे सहावर, ग सातवर, म पुढच्या एकवर, प दोनवर. पाच शेजारच्या पट्ट्या, पाच बोटं, हात हलवायचा नाही. ध तीनवर. फक्त नि काळी तीनवर जातो, आणि वरचा सा पुन्हा पांढरी पाच. सबंध सप्तकात काळी पट्टी एकच! भूप रागात तर म आणि नि नसतातच, म्हणजे भुपातली चाल या पट्टीत पांढऱ्यांवरच वाजते. गळा आणखी वर जात असेल तर पुढे काळी चारला सरका. तिथे काळ्या जास्त लागतात, म्हणून ते नंतर.

वाजवायला घेताना नवी चाल घेऊ नका. हरिपाठाची किंवा रोजच्या आरतीची, झोपेतही म्हणता येईल अशी चाल घ्या. आधी एकच ओळ तोंडाने म्हणत पट्टी शोधा. चुकलं की कानच सांगतो.

रियाज रोज पाव तास पुरे, पण रोज. आमच्यातल्या एका सुनेला सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "घरात काय फड बसवलाय?" महिनाभराने त्याच चुलीपाशी बसून सांगत होत्या, "वरचा सूर अजून कच्चा आहे गं तुझा."

कुणी म्हणेल, पेटी वाजवणं बायकांचं काम नव्हे, आपल्या परंपरेत नाही. तर ऐका. मुळात पेटीच विलायतेची. मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी घडवली. पेटीत मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या संगीताला जुळत नाहीत, असं म्हणून १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, आणि ती १९७१पर्यंत सैल झाली नाही. तरी देवळातून कुणी पेटी बाहेर काढली नाही. आज आम्ही रेडिओवरूनच तिच्याबद्दल बोलतोय, याची आम्हाला जरा गंमत वाटते.

पेटी कुणाच्या घरी ठेवायची यावर भांडणं होतात. आमच्याकडे ती एकाच घरी असते, शिकणाऱ्या तिघी तिथे जातात. घरोघर फिरवली की आपटते. वाजवून झालं की एक पट्टी दाबून भात्यातली हवा सोडा, खुंट्या आत ढकला, भाता मिटून कडी लावा. पावसाळ्यात ओल्या भिंतीपासून लांब, फळीवर ठेवा, कापडात गुंडाळून. उंदरांना भात्याचं कातडं फार आवडतं, तेव्हा धान्याच्या कणगीशेजारी तर मुळीच नको.