बुलढाण्याचें मत कोणीकडे?
(मोताळा तालुक्यांतील एका खेड्यांत शेतकरी व कारागीर मंडळीपुढें तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण)



कोणाला मत द्यावें हें सांगावयास आम्ही उभे नाहीं. आम्ही पडलों जिल्हा परिषदेचे मास्तर. प्रचाराची आम्हांस मनाई आहे आणि ती योग्यच आहे. परंतु वीस वर्षें निवडणुकीच्या कामावर जाऊन तुमच्यासारख्यांच्या बोटांना शाई लावतांना जें दिसलें, तें सांगण्यास मनाई नाहीं.

बुलढाण्याच्या बाजारांत चहाच्या टपरीवर बसलें कीं ऐकूं येतें, "बुलढाणा म्हणजे धनुष्यबाणाचा गड." हें अर्धेंच खरें. लोकसभेचा हिशेब पहा. १९८४ सालीं काँग्रेसचे मुकुल वासनिक निवडून आले. १९८९ सालीं भाजपचे सुखदेव काळे, १९९१ सालीं पुन्हां वासनिक, १९९६ सालीं शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ सालीं पुन्हां वासनिक, १९९९ सालीं पुन्हां अडसूळ. म्हणजे लागोपाठ पांच वेळां या जिल्ह्यानें बसलेल्या पक्षाला उठविलें. हा जिल्हा कोणाच्या दावणीचा बैल नव्हता. गड झाला तो त्यानंतर. १९९९ पासून २०२४ पर्यंत सहा वेळां धनुष्यबाणच आला. अडसूळ दोनदां, आणि २००९ सालीं राखीव जागा खुली झाल्यावर प्रतापराव जाधव चारदां.

आतां विधानसभा पहा. बुलढाणा शहर, आसपासचीं गांवें आणि आपला मोताळा तालुका, म्हणजे घाटावरचे आणि घाटाखालचे, एकाच मतदारसंघांत आहेत. २००९ सालीं येथें शिवसेनेचे विजयराज शिंदे आले. २०१४ सालीं मे महिन्यांत जिल्ह्यानें धनुष्यबाण दिल्लीस पाठविला, आणि ऑक्टोबरांत याच बुलढाण्यानें काँग्रेसचे हर्षवर्धन सपकाळ मुंबईस पाठविले. त्या वेळीं चारी मोठे पक्ष वेगवेगळे लढले, मतें फुटलीं, हें कारण आहेच. पण गड म्हणणाऱ्यांनीं तें साल विसरूं नये. २०१९ सालीं शिवसेनेचे संजय गायकवाड आले.

२०२४ सालीं तर गंमतच झाली. लोकसभेला दोन्हीकडे सेनाच. प्रतापराव जाधव २९,४७९ मतांनीं आले. आणि सोयाबीन-कापसाच्या भावासाठीं आंदोलनें करणारे रविकांत तुपकर कोणत्याही पक्षाच्या तिकिटावांचून अडीच लाखांच्या घरांत गेले. पक्षाच्या पाट्या बदलल्या तरी कापसाच्या भावाचा प्रश्न स्वतःच्या पायावर किती चालतो, तें त्या आंकड्यांत दिसलें. पुढें नोव्हेंबरांत विधानसभेला संजय गायकवाड व जयश्री शेळके यांच्यांत अंतर राहिलें अवघ्या ८४१ मतांचें! एका मोठ्या मतदान केंद्राच्या यादींत याहून जास्त नांवें असतात.

निकालानंतर जो तो सांगूं लागला, अमक्या जातीनें इकडे दिलें, तमक्या जातीनें तिकडे. आम्ही विचारतों, हें तुम्हांस कोणीं सांगितलें? यंत्र जात लिहून घेत नाहीं. सुताराचें बटण आणि पाटलाचें बटण एकच आवाज काढतें. हा सारा अंदाज आहे, आणि अंदाजावरून शेजाऱ्याशीं वैर धरणें म्हणजे बाजार न पाहतां भाव बोलणें.

मात्र एक गोष्ट यंत्र सांगतें, ती म्हणजे गांव. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हां पेट्यापेट्यांतील कागद एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रें आलीं, आणि तेव्हांपासून केंद्रावार आंकडा उघडा पडतो. माणसाचें मत गुप्त राहिलें, वस्तीचें राहिलें नाहीं. चौदा यंत्रांची बेरीज एकदम करणारें टोटलायझर वापरावें, असें निवडणूक आयोगानें २००८ सालीं सुचविलें. विधी आयोगानेंही २०१५ सालीं तोच अभिप्राय दिला. पण सरकारनें तें स्वीकारलें नाहीं.

याचा अर्थ काय, तो आम्हीं आपल्याच गांवांत पाहिला. जिल्हा परिषदेच्या एका निवडणुकीनंतर आपण पांचसात जण नाल्यावरच्या पुलासाठीं एका पुढाऱ्याकडे गेलों होतों. पावसाळ्यांत पलीकडल्या वस्तीचीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत, हें आम्ही सांगत होतों. त्यांनीं खिशांतून कागद काढला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या केंद्रावर मला एकशेंबारा. पूल ज्यांना मतें दिलीं त्यांना मागा."

परततांना आपले लोहारबाबा बराच वेळ बोलले नाहींत. मग नाल्याशीं आल्यावर म्हणाले, "गुरुजी, त्या एकशेंबारांत मी होतो ना जी. आता हे त्याले सांगू कसं?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सांगितलें असतें तर बाबांचें गुप्त मत राहिलें नसतें, आणि बाकीच्यांवर संशय गेला असता तो वेगळाच.

पूल मताचा मोबदला म्हणून मागावयाचा नाहीं, गांवानें भरलेल्या कराच्या हक्कानें मागावयाचा आहे. येत्या ग्रामसभेंत त्याचा ठराव पुन्हां घालावयाचा आहे. मागच्या दोन अर्जांच्या पोच शाळेच्या कपाटांत आहेत. पलीकडल्या वस्तीच्या बायांच्या सह्या अजून राहिल्या आहेत. त्यांनीं आज जातांना करून जाव्या. शाई आम्हीं आणली आहे.