पंपाविषयीच्या समजुती आणि वृद्धांचा श्वास



वृद्ध माणसाला धाप लागली की "वय झाले, असे चालायचेच" असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ही धाप पुष्कळदा वयाची नसून फुप्फुसांच्या दीर्घकालीन रोगाची असते. डॉक्टर त्यास सीओपीडी म्हणतात. विडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि कामाच्या ठिकाणची धूळ ही त्याची प्रमुख कारणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली या रोगाने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली.

या रोगात फुप्फुसांची गेलेली शक्ती पूर्णपणे परत येत नाही. मात्र श्वासावाटे घेतलेल्या औषधाने धाप कमी होते आणि रोग एकाएकी बळावण्याचे प्रसंगही कमी होतात. हे औषध देणाऱ्या साधनास आपण पंप म्हणतो. तो घरात असूनही अनेकदा फळीवर पडून राहतो, आणि त्याचे मूळ रुग्णाच्या समजुतीत असते.

पंपाची सवय लागते, ही त्यांतील सर्वांत प्रबळ समजूत. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही. रोग दीर्घकाळचा, म्हणून औषधही दीर्घकाळचे, एवढाच त्याचा अर्थ.

पंप फार जहाल असून तो अखेरचा उपाय होय, असेही अनेकांस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात ते बहुधा १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे लहान गोळीच्या विसाव्या हिश्श्याइतकेच असते. औषध थेट फुप्फुसांत पोहोचत असल्याने थोडक्यात काम भागते.

बरे वाटताच औषध थांबविणे ही तिसरी अडचण. काही पंप तात्काळ आरामासाठी, तर काही नित्य घेण्यासाठी असतात. नित्याच्या औषधाचा गुण त्याच क्षणी जाणवतोच असे नाही. म्हणून ते निरुपयोगी ठरवून सोडले जाते आणि पुढे रुग्णालयात धाव घ्यावी लागते.

औषध पोटात गेल्यावाचून गुण येत नाही या समजुतीने पंपात घालावयाची कॅप्सूल गिळून टाकणारे रुग्णही आढळतात. थरथरत्या बोटांनी पंप दाबणे व त्याच वेळी श्वास ओढणे वृद्धांस जमत नाही. अशांना स्पेसर नावाचे नळकांडे उपयोगी पडते. स्टेरॉइडयुक्त पंप वापरल्यावर चूळ भरावी, हेही सांगावयास हवे.

पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांचे कार्य येथे सुरू होते. उपचार डॉक्टरांनी ठरवावयाचे. परंतु मनातली भीती रुग्ण डॉक्टरांपुढे बोलेलच असे नाही, ती तो ओळखीच्या माणसापाशी बोलतो. "औषध का घेत नाही?" असे दरडावण्यापेक्षा "त्याची कसली भीती वाटते?" असे विचारावे. पंप कसा घेता ते दाखवावयास सांगावे आणि शंका वाटल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे. चारचौघांत पंप घेणाऱ्या आजोबांकडे कोणी टवकारून पाहू नये, ही शिकवण शाळेत सहज देता येईल.

पंप केवळ हाती देऊन भागत नाही. त्यावरचा विश्वासही द्यावा लागतो. तो आपण द्यावा, अशी विनंती.