पहिलीचा पट आणि अकरावीचा पट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण. बोललो होतो तसेच, थोडी काटछाट करून.)

मागे जिन्यापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मागे उभे राहू नका, पुढं खुर्च्या मोकळ्या आहेत. या.

मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर बोलायला सांगितलं आहे. प्लॉट कसा घेतला, बिल्डरशी किती भांडलो, पाण्याची टाकी कुणामुळं झाली, हे सगळं सचिवांनी त्यांच्या अहवालात लिहिलं आहे, तो स्मरणिकेत आहेच. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या पाहिल्या. त्यामुळं मला वाटचाल दिसते ती रजिस्टरमध्ये. म्हणून गेल्या महिन्यात ऑफिसातलं कपाट उघडून जुनी रजिस्टरं काढून बसलो.

२००० सालच्या गणपतीत आपण मुलांच्या स्पर्धा घेतल्या होत्या. त्याची यादी सापडली. ४८ फ्लॅटांतली ऐंशीच्या आसपास नावं! चित्रकला, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची. बहुतेक मुलं पहिली ते सातवीतली. आज सभासदांच्या घरातली शाळकरी मुलं मोजली तर अकरा भरली. बाकीची तुमची-आमचीच लेकरं, पण पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला, दोघं अमेरिकेत. त्यांचे फ्लॅट इथंच आहेत आणि त्यात भाडेकरू आहेत. आणि त्या भाड्याच्या फ्लॅटांत मिळून पन्नासच्या वर विद्यार्थी राहतात. सगळे सोळा ते वीस वर्षांचे.

म्हणजे सोसायटीतली मुलं कमी झाली, असं जे आपण कट्ट्यावर म्हणतो, ते हिशेबात बसत नाही. वय बदललं, गाव बदललं. संख्या फार काही घटलेली नाही.

हेच शहरातही झालं आहे. आपल्या मागच्या गल्लीतली मराठी शाळा बघा. आपली मुलं तिथं डबा घेऊन पळत जायची. यंदा पहिलीच्या वर्गात दहा मुलंही नाहीत, असं तिथल्या बाई सांगत होत्या. पट घसरला की शिक्षकांची पदं जातात. शिक्षणहक्क कायद्याचं कोष्टकच तसं आहे, पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. दोन शिक्षकांत पाच वर्ग म्हटल्यावर पालक आणखी बिचकतात आणि पिवळ्या बसच्या शाळेत नाव घालतात. तिकडं खाडगाव रोडला मात्र संध्याकाळी सहाला जाऊन बघा, गाडी पुढं सरकत नाही. पहिलीचा वर्ग ओस आणि अकरावीचा वर्ग ओसंडून चाललेला, अशी ही आपली गंमत आहे.

हे एका दिवसात झालं नाही. लातुरात दयानंद शिक्षण संस्था १९६१ ची, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. जिल्हा झाला १९८२ ला. तोवर आपण उस्मानाबादचा एक तालुका होतो, आडत बाजाराचं गाव. मग प्राचार्य जनार्दन वाघमारे, पुढं अनिरुद्ध जाधव, यांच्यासारख्या मंडळींच्या काळात जादा तास, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, असं सुरू झालं. त्याचं नाव लातूर पॅटर्न. त्या वेळी बारावीच्या मार्कांवर मेडिकलला नंबर लागायचा, म्हणून मुलगा कॉलेजात दाखल व्हायचा, दोन वर्षं राहायचा, बोर्डाची परीक्षा देऊन जायचा. आमच्या शाखेत अशा मुलांची खाती असायची. बहुतेक मुलगेच, अहमदपूर, उदगीर, कळंब, फार तर अंबाजोगाईकडचे.

पुढं सीईटी आली, नीट आली, आणि २०१७ पासून डॉक्टर व्हायला नीटशिवाय दुसरा रस्ता उरला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मेडिकल प्रवेशातलं ७०:३० चं विभागवार सूत्रही राज्य सरकारनं रद्द केलं. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून त्या सूत्रात आपली मुलं अडकायची. ती आडकाठी गेली. पण नीटमुळं विद्यार्थ्याची जातकुळीच बदलली. बोर्डाची परीक्षा एकदा पास झालं की संपली. नीट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा देता येते. बारावी होऊन गेलेली ही मुलं, ज्यांना आपण रिपीटर म्हणतो, ती कुठल्याच कॉलेजात नसतात. ना त्यांना वर्गशिक्षक, ना प्राचार्य. आहे फक्त ट्युशनचा बॅच नंबर आणि रूमची किल्ली.

दुसरा बदल मला फार मोलाचा वाटतो. मुली आल्या. बीड, परभणी, हिंगोली, सोलापूर, यवतमाळ, कुठून कुठून. आणि मुलींबरोबर आया आल्या. आपल्या बी विंगमध्येच दोघी आहेत. नवरा गावाकडं शेत बघतो, सासूचं दुखणं बघतो, आणि ही बाई दोन वर्षं इथं एका खोलीत लेकीला सकाळी पाचला उठवते. गावाकडं ज्या बाईला एकटीनं बाजाराला जायची सोय नव्हती, ती इथं भाडं ठरवते, गॅस आणते, डॉक्टरकडं नेते. यांची मोजदाद कुठल्याच खात्यात नाही.

आमच्या काळी हे नव्हतं असं नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्याच्या आधी पदवीसाठी आपल्या भागातल्या पोरांना हैदराबाद गाठावं लागायचं, तेही उर्दूतून. मी कंधार तालुक्यातल्या खेड्यातून नांदेडला शिकायला गेलो तेव्हा आईनं बांधलेला भाकरीचा डबा एस.टी.नं यायचा. स्टँडवर डब्यांची रांग लागलेली असायची, ज्यानं त्यानं आपल्या फडक्याच्या रंगावरून डबा ओळखायचा. घरमालकीणबाई खडूस होत्या, पण परीक्षेच्या दिवसांत कंदिलात तेल त्याच घालायच्या. आज नांदेडला श्यामनगर, भाग्यनगर भागात जा, लातूरसारखाच ट्युशन एरिया झालेला आहे. पूर्वी नांदेडची मुलं इकडं यायची, आता बरीचशी तिथंच राहतात.

पैशाचं बोलल्याशिवाय बँकवाल्याला चैन पडत नाही. शैक्षणिक कर्जाची योजना २००१ पासून आहे, ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. पण ती मेडिकलला नंबर लागल्यावर. नंबर लागण्याआधीच्या ट्युशनला आमच्याकडं ते कर्ज नव्हतं. म्हणून जून महिन्यात काउंटरला एकच माणूस दोन अर्ज घेऊन उभा असायचा, पीककर्ज बियाण्याला आणि सोनेतारण पोराच्या फीला. डाग पुडीत बांधून आणलेले असायचे. वजन करताना बायका दुसरीकडं बघायच्या. आणि ट्युशनच्या फीवर १८ टक्के जीएसटी. सरकारच्या लेखी तो धंदाच आहे, एका अर्थी खरंही आहे.

आता मुद्द्यावर येतो. येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव येणार आहे, की यापुढे सोसायटीत विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्यानं देऊ नये. ठराव मांडणारे माझे मित्र आहेत, समोरच बसलेत. त्यांच्या तक्रारी मी खोट्या म्हणणार नाही. रात्री अकराला जिन्यात मोबाईलवर बोलणं चालतं, गाड्या आडव्यातिडव्या लावतात. पाण्याचंही खरं आहे. ज्या गावाला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात एका फ्लॅटमध्ये आठ माणसांनी आंघोळी करायच्या म्हटल्यावर टँकरचं बिल कुणी भरायचं, हा प्रश्न रास्त आहे.

पण यात एक गोष्ट वेगळी काढा. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर आठ-आठ मुलं कोंबणं, हे मुलांचं काम नव्हे. ते आपल्यातल्याच सभासदांचं आणि त्यांच्या एजंटांचं काम आहे. एका कुटुंबाचं भाडं घेण्याऐवजी आठ कॉटचं घ्यायचं, आणि पाणी संपलं की पोरांना शिव्या द्यायच्या, हे काही बरोबर नाही. मालक हैदराबादला, एजंट फोन उचलत नाही, आणि वॉचमन सगळा राग त्या पोरांवर काढतो.

परवाच्या दिवाळीतली गोष्ट काहींना माहीत आहे, सगळ्यांना नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधली बाकी मुलं गावी गेली, एक रिपीटर मुलगा अभ्यासासाठी थांबला. मेस बंद. त्याला डेंग्यूचा ताप भरला. दोन दिवस दार उघडलं नाही. दूधवाल्यानं पिशव्या तशाच पडलेल्या पाहून शेजारच्या वहिनींना सांगितलं, म्हणून कळलं. दार उघडलं तेव्हा पोरगं धड बोलत नव्हतं. आता वडिलांना कळवायचं कसं? ऑफिसच्या फाइलमध्ये करारनामा एजंटच्या नावाचा. पोराचं पूर्ण नाव नाही, गाव नाही, नंबर नाही. फोनला लॉक. शेवटी त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर गावातल्या झेडपी शाळेचं नाव होतं, तिथल्या गुरुजींचा नंबर शोधला आणि गुरुजींनी रात्री वडिलांना उठवलं. पोरगा वाचला. तो आज इथंच आहे, कुठला ते सांगत नाही, लाजेल.

मला त्या वेळी नांदेडची पटपडताळणी आठवली. माझी निवृत्ती जवळ आली होती, पोस्टिंग नांदेडला होतं. जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांत पटावरची मुलं खरंच आहेत का, ते मोजायला लावलं, आणि पटावर नावं पण वर्गात मुलंच नाहीत, असा प्रकार उघडा पडला. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर तशी मोहीम झाली, एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावून. तेव्हा नावं होती आणि लेकरं नव्हती. आपल्याकडं आता उलटं आहे, लेकरं आहेत आणि नावं नाहीत. अकरावीच्या कित्येक मुलांचा दाखला गावाकडच्या कॉलेजात, हजेरी तिथं लागते, आणि पोरगा असतो आपल्या तिसऱ्या मजल्यावर. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तरी प्रवेश कुठं झाला ते कळतं, मूल झोपतं कुठं ते कळत नाही. ते फक्त आपल्यालाच कळू शकतं.

बंदीचा ठराव कायद्यातही टिकणार नाही, असं माझं मत आहे. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्यानं द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं मात्र लागतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. आणि बिनभोगवटा शुल्क आपण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, तो शासनाचा ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. म्हणजे दंड लावून हाकलायची वाटही बंद. पण कायदा बाजूला ठेवा. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं भारतीय जैन संघटनेनं आपल्या भागातली सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. पुणेकरांनी म्हटलं असतं, आमच्या पाण्यावर ताण येतो, तर? आणि आज आपली मुलं पुण्यात, बंगळूरात भाड्यानंच राहतात ना? माझा नातू राहतो. तिथल्या सोसायटीनं ‘बॅचलर नको’ म्हटलं तेव्हा आम्हाला किती राग आला होता.

म्हणून मी दुसरा ठराव तयार केला आहे. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चारपेक्षा जास्त विद्यार्थी ठेवू नयेत. करार एजंटशी नको, पालकाशी करावा. जास्तीच्या टँकरचा खर्च माणशी वाटून मालकानं भरावा, मुलांनी नव्हे. सुट्टीत एकटं मागं राहणाऱ्यानं वॉचमनकडं नाव द्यावं. आणि ऑफिसात विद्यार्थ्यांचं एक वेगळं रजिस्टर असावं. नाव, गाव, आई-वडिलांचा फोन, रक्तगट, ट्युशन कुठली. दर जून महिन्यात नवं पान. ते लिहायचं काम मी घेतो, रोज संध्याकाळी पाच ते सहा ऑफिसात बसेन. अक्षर अजून बरं आहे.

आईबरोबर राहणाऱ्या मुलांच्या आयांची नावंही त्यात लिहायची आहेत, त्यांच्या स्वतःच्या नावानं. अमक्याची आई, असं नको.

मागच्या गल्लीतल्या शाळेचंही एक आहे. तिथल्या बाईंना संध्याकाळी तासभर गणित-विज्ञान घेणारं कुणी हवं आहे. आपल्या रिपीटर मुलांपैकी दोघं तयार झाले आहेत, आठवड्यातून एक दिवस, रविवारची टेस्ट सांभाळून. त्यांच्या ट्युशनवाल्यांना हे आवडेल की नाही, ते मी बघून घेईन.

ठरावाचा कागद सचिवांकडं दिला आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदकाची जागा रिकामी आहे. जेवणं झाल्यावर ज्यांना सही करायची त्यांनी करावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही जेवूनच जायचं आहे. वांग्याची भाजी आणि शिरा आहे, आज मेसला दांडी मारा.