'डर' बघताना आपण कुणासाठी टाळ्या वाजवल्या?
(महासंघाच्या बेलापूर येथील मेळाव्यात एका समूह-सदस्य ताईंनी केलेले भाषण)

मला हिशेबाच्या वहीवर बोलायला सांगितलं होतं. पण आज मी एका सिनेमावर बोलणार आहे. हसू नका, वहीपर्यंत येतेच मी.

'डर' तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलाय? बघा, किती हात वर आले! यश चोप्रांचा हा सिनेमा 1993 च्या डिसेंबरात आला. मी तेव्हा नववीत होते. मावशीबरोबर पनवेलच्या टॉकीजमध्ये पाहिला. जुही चावला म्हणजे किरण. तिचं लग्न ठरलेलं, नवरा सनी देओल, नौदलातला कमांडो. आणि शाहरुख खान तिच्यामागे लागलेला राहुल. तो फोन करतो, पाठलाग करतो, छातीवर तिचं नाव कोरून घेतो. घाबरून ती बिचारी अर्धी होते. आणि टॉकीजमध्ये? तो अडखळत 'किरण' म्हणाला की शिट्ट्या! मीपण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

कौतुक झालं ते शाहरुखचं. खलनायक असून हीरोला खाऊन गेला. सनी देओल तर नाराजच झाला. त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं, मी कमांडो, समोर उभा असताना हा पोरगा मला सुरा कसा मारेल, यावरून सेटवर वाद झाला. रागात खिशातल्या हातांनी पँटच फाटली म्हणे! सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, चांगली, निकोप करमणूक करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून. निकोप! किरणला विचारा.

आता शाहरुखने काम वाईट केलं असं मी म्हणत नाही. फार चांगलं केलं, तिथंच तर गोम आहे. तो मेलेल्या आईशी फोनवर बोलतो तेव्हा आपल्याला त्याची दया येते. शेवटी तो मरतो तेव्हा माझी मावशी रडली. किरणला रात्री झोप लागत असेल का, हे घरी येताना एस्टीत आम्ही दोघींपैकी कुणीच बोललो नाही.

आणि हे सगळं कधी? 1990 मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरला, एकतर्फी प्रेमातून दहावीच्या मुलीला परीक्षा केंद्रात जाळून मारलं होतं. चार वर्षंसुद्धा झाली नव्हती नीट. तरी आम्ही शिट्ट्या ऐकून हसत होतो.

2013 मध्ये कायद्यात पाठलाग हा वेगळा गुन्हा झाला. त्याच वर्षी 'रांझणा' आला, तेव्हा मात्र बऱ्याच समीक्षकांनी विचारलं की मुलीच्या मागे लागणं म्हणजे प्रेम कसं? 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात एका भारतीय माणसावर बायकांच्या मागे लागल्याचा खटला चालला. त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं, हिंदी सिनेमात असंच दाखवतात, त्याला ते चुकीचं वाटलंच नाही.

आता वहीकडे येते. मागच्या वर्षी आमच्या समूहातल्या एका ताईने मासिक बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं, मुलीचं लग्न. मुलगी बारावीत, अठरा पूर्ण नाहीत. खोदून विचारलं तेव्हा ताई रडायला लागली. एक पोरगा स्टॉपपासून कॉलेजपर्यंत मागे येत होता, रोज नव्या नंबरवरून मेसेज करत होता. घरचे म्हणाले, उजवून टाका, कटकट मिटेल. म्हणजे गुन्हा त्याचा, शिक्षण हिचं बंद, आणि व्याज समूहाचं!

आम्ही कर्ज नाकारलं. दोघीजणी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. मुलीने मेसेज पुसले नव्हते, ते फार कामाला आलं. तुम्हीही लक्षात ठेवा: नाही म्हटल्यावरही मागे येणं, सारखे फोन-मेसेज करणं, मोबाईलवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. हद्द कुणाचीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. लगेच मदत हवी तर 112 लावा.

पोरीने बारावीची परीक्षा दिली. पहिले दोन महिने आमच्यातली कुणी ना कुणी तिला स्टॉपवर सोडायला जायची. आता ती एकटी जाते. ताई मात्र अजून संध्याकाळी साडेपाच वाजले की बैठकीत असली तरी दाराकडे बघत राहते.