हस्ताचा पाऊस आणि मंगळवेढ्याची ज्वारी

सह्याद्री ओलांडून सोलापूरकडे येईपर्यंत मोसमी ढग बरेचसे रिते झालेले असतात. तरीही मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी डोलते, तीही ऐन हिवाळ्यात, बहुतेक पावसाविना. हे कसं?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस पडतो. खोल, चिकण काळी माती तो पोटात साठवून ठेवते. वाफसा आला की पेरणी होते. पुढं पीक वाढतं ते याच ओलीवर.

ओल आटू लागली की जमीन भेगाळू लागते आणि त्या भेगांतून उरलेली ओलही उडते. म्हणून शेतकरी कोळपं धरतो. भेगा मातीनं बुजतात, तणही जातं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते याचसाठी.

हस्त कोरडा गेला, तर दाणे भरतानाच ओल संपते, कणसं पोचट राहतात. हवा ढगाळ राहिली, तर मावा पडून पानांवर चिकटा येतो.

तेव्हा हुरडा खाताना आठवा, त्या गोडीत सप्टेंबरचा पाऊस मुरलेला आहे.